अर्जाच्या रांगेत आपण का नसतो?

गेल्या वर्षी डाळिंबाच्या हंगामात सोलापूर जिल्ह्यातल्या माझ्या आजोळी गेलो होतो. माझे मामू बागवान. त्यांच्या अब्बांचाही हाच धंदा होता. फुलोऱ्यानंतर बाग बघायची, झाडावर नजर टाकून किती क्रेट माल निघेल याचा अंदाज बांधायचा, विसार द्यायचा आणि बाग उक्ती घ्यायची. तिथून पुढे राखण, तोडणी, प्रतवारी, गाडीभाडं, सगळं मामूंचं. हस्त बहाराची एक बाग त्यांनी अशीच घेतली होती. माल तोडणीला आला आणि गारपीट झाली. पंचनामा झाला. भरपाई सात-बाऱ्यावर ज्याचं नाव त्याच्या खात्यात जमा झाली.

बागेचा मालक भला माणूस. त्याने घेतलेल्या पैशातली काही रक्कम मामूंना परत केली. पण ती त्याच्या भलेपणाने आली, हक्काने नाही. त्या बागेत मामूंचे पैसे होते, त्यांच्या दोन मुलांची मेहनत होती. सरकारी कागदात मात्र त्यांचा उल्लेख कुठेच नव्हता. मी म्हटलं, "मामू, निदान साध्या कागदावर करार तरी करायचा." ते हसले. म्हणाले, "अपन कहाँ के किसान, बेटा?"

ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. ज्या माणसाने चाळीस वर्षं फळ झाडावरून गिऱ्हाईकाच्या पिशवीपर्यंत पोचवलं, तो स्वतःला शेतीचा भाग मानत नाही. मग कृषी खात्याची, पणन खात्याची, अन्न प्रक्रियेची कुठलीही योजना आली, तरी ती आपल्यासाठी नाही असं तो आधीच ठरवून टाकतो. हे फक्त मामूंचं नाही. आपल्या समाजातल्या बहुतेकांची हीच सवय झाली आहे, आणि या अंकात मला तिच्याबद्दलच बोलायचं आहे.

योजना म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एकच खिडकी येते: अल्पसंख्याकांची. मौलाना आझाद महामंडळाचं कर्ज, शिष्यवृत्ती, पंधरा कलमी कार्यक्रम. या खिडक्या महत्त्वाच्या आहेत, त्यांची तरतूद कमी झाली तर आपण आवाज उठवायलाच हवा. पण आपण तेवढ्याच खिडकीपुढे उभे राहतो आणि शेजारची मोठी दारं बघतही नाही. स्थानिक अन्न, छोटी प्रक्रिया, शेतकरी बाजार यांसाठी केंद्र आणि राज्य सरकार जो पैसा ठेवतं, तो धर्म बघून ठेवलेला नाही. संविधानाचं कलम १५ सांगतं की राज्य धर्माच्या कारणावरून कुणाही नागरिकाशी भेदभाव करणार नाही. आपण हे कलम अन्याय झाला की आठवतो. अर्ज भरायची वेळ आली की विसरतो.

सच्चर समितीने २००६ मध्ये दोन गोष्टी शेजारीशेजारी मांडल्या होत्या. मुस्लिमांमध्ये स्वतःचा धंदा करणाऱ्यांचं प्रमाण जास्त आहे, आणि बँकेच्या पतपुरवठ्यात त्यांचा वाटा कमी आहे. म्हणजे धंदा आहे, कागद नाही. फळं, भाजी, अंडी, मटण, बेकरी, मसाले. महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या बाजारात फिरा, अन्नाच्या साखळीत आपली माणसं जागोजागी दिसतील. तीच माणसं लाभार्थ्यांच्या यादीत शोधा.

आता मामूंना बाजूला ठेवून खालाकडे येतो, कारण तिथे गोष्ट थोडी पुढे गेली.

खाला आणि तिच्या मोहल्ल्यातल्या बायकांचा बचत गट आहे. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी ही सोलापूरची ओळख. पुण्या-मुंबईत राहणारा प्रत्येक सोलापूरकर येताना या दोन वस्तू आणतो. हा गट दोन्ही बनवतो. माल चांगला, मागणी आहे, पण भाकरी थापायची ती हातानेच, शेंगा कुटायच्या त्या घरच्या मिक्सरवर, आणि पिशवीवर ना नाव ना तारीख. त्यांनी कुणाच्या तरी सांगण्यावरून प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजनेत अर्ज केला. तो परत आला. कारण कुणाला कळलंच नाही. "हमारा नाम देख के वापस भेजे," असं गटातल्या एकीने सांगितलं. तसं घडतच नाही असं मी म्हणणार नाही. पण मी सगळे कागद मागवून घेतले आणि एका रविवारी जमिनीवर पसरून बघत बसलो.

माझा धंदा सॉफ्टवेअरचा. दोन याद्या एकमेकींशी जुळवणं हे माझं रोजचं काम आहे. त्या कागदांत एका खालाच्या शौहरचं नाव आधारवर मेहबूब होतं, पॅनवर महेबूब, बँकेच्या पासबुकात मैबूब. दुसरीचं नाव एका ठिकाणी नुसतं, दुसऱ्या ठिकाणी पुढे 'बी' लावलेलं, तिसऱ्या ठिकाणी 'बेगम'. कुणाचं आडनाव आधी, कुणाचं शेवटी, एकीचं माहेरचं. माणसाला कळतं की ही एकच बाई आहे. संगणकाला त्या तीन बाया दिसतात. त्यात भाकरी जिथे बनते ती खोली सासऱ्यांच्या नावावर, विजेचं बिल वारलेल्या दादांच्या नावावर, आणि खोली वापरायला दिल्याचं संमतिपत्र नाही. अन्न सुरक्षा नोंदणी नव्हती. उद्यम नोंदणी नव्हती. गटाच्या वहीत पैशाचा हिशोब होता, पण कुणाला किती माल विकला याची एक ओळ नव्हती.

उर्दू-फारसी नावं मराठी आणि इंग्रजीत लिहिताना प्रत्येक कारकून आपल्या कानाने लिहितो. हा घोळ आपल्याकडे इतरांपेक्षा जास्त आहे, हे खरं. म्हणूनच तो दुरुस्त करण्याचं कामही आपल्यालाच इतरांपेक्षा जास्त मनावर घ्यावं लागेल.

ती योजना काय आहे, हे नीट समजून घेऊ, कारण तिच्याबद्दल चुकीची माहिती फार फिरते. २०२० मध्ये ती सुरू झाली, पाच वर्षांसाठी १० हजार कोटी रुपयांची तरतूद ठेवून. खर्चाचा वाटा आपल्या राज्यात केंद्राचा ६० टक्के, राज्याचा ४० टक्के. एकट्या उद्योजकाला प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये अनुदान. लाभार्थ्याने स्वतःचे किमान १० टक्के घालायचे, बाकी बँकेचं कर्ज. बचत गटातल्या अन्न प्रक्रिया करणाऱ्या प्रत्येक सदस्यामागे ४० हजार रुपयांपर्यंत बीज भांडवल, छोटी अवजारं आणि खेळत्या भांडवलासाठी. गट किंवा उत्पादक संस्था मिळून एक ब्रँड करत असतील, वेष्टन आणि विक्रीची व्यवस्था उभी करत असतील, तर त्या खर्चाच्या ५० टक्क्यांपर्यंत मदत. या योजनेचा अर्ज करायला शेतजमीन असावी लागत नाही. अपन कहाँ के किसान म्हणणाऱ्या प्रत्येकाने हे वाक्य दोनदा वाचावं.

दोन गोष्टी मात्र दलाल कधी सांगत नाहीत. पहिली: ३५ टक्के अनुदान हातात रोख मिळत नाही. ते बँकेत कर्जखात्याच्या नावे बाजूला ठेवलं जातं. तीन वर्षं कर्ज नियमित फेडलं आणि उद्योग चालू राहिला तरच ते कर्जात वळतं होतं. "दहा लाख फुकट" म्हणणारा माणूस तुम्हाला फसवतोय. दुसरी: अर्ज भरायला, प्रकल्प अहवाल बनवायला मदत करण्यासाठी कृषी विभागाने जिल्हा संसाधन व्यक्ती नेमलेल्या असतात. त्यांचा मोबदला योजनेतूनच मिळतो. म्हणून टक्केवारी मागणाऱ्या एजंटच्या दुकानात जाण्याआधी तालुका कृषी अधिकाऱ्याच्या कार्यालयात जा, योजनेचे अर्ज सध्या घेतले जातायत का ते विचारा आणि संसाधन व्यक्तीचा नंबर मागा.

इथे आपल्यापैकी अनेकांच्या मनात एक प्रश्न उभा राहतो, आणि तो टाळून पुढे जाणं बरोबर नाही. व्याजाचा. एकट्याला मिळणारं अनुदान कर्जाशी बांधलेलं आहे. कर्ज नाही तर अनुदान नाही. माझ्या ओळखीतले दोन तरुण याच कारणाने मागे फिरले. त्यांच्या निर्णयाची मी थट्टा करणार नाही. हा त्यांच्या ईमानाचा मामला आहे आणि फतवा देणं माझं काम नाही. पण त्यांना मी एक विचारतो: तुम्ही सगळ्या योजना बघितल्या का, की पहिल्या पानावर 'कर्ज' वाचून फाइल मिटली? बचत गटाचं बीज भांडवल गटांच्या संघाला अनुदान म्हणून येतं आणि सदस्यांना तिथून परतफेडीच्या बोलीवर मिळतं. त्याच्या अटी आपल्या संघात विचारून घेता येतात. केंद्राची १० हजार शेतकरी उत्पादक संस्थांची योजना फेब्रुवारी २०२० मध्ये आली. तिच्यात संस्थेला तीन वर्षांत मिळून १८ लाख रुपयांपर्यंत व्यवस्थापन खर्च मिळतो, आणि सभासदांनी घातलेल्या भागभांडवलाइतकंच, म्हणजे सभासदामागे २ हजार आणि संस्थेला जास्तीत जास्त १५ लाख, सरकार घालतं. यात व्याजाचा संबंध नाही. ज्यांना कर्जाची वाट बंद वाटते त्यांनी ही वाट बघावी, आणि शंका असेल तर विश्वासातल्या आलिमांना योजनेचा पूर्ण कागद दाखवून विचारावं. अर्धवट माहितीवर विचारलेल्या सवालाचा जवाबही अर्धवटच येतो.

उत्पादक कंपनीचं आणखी एक. कायद्यात प्राथमिक उत्पादन म्हणजे फक्त ज्वारी-ऊस नाही. फळबाग, पशुपालन, कुक्कुटपालन, मासे, मध, हे सगळं त्यात बसतं. दहा उत्पादक एकत्र आले तरी कंपनी नोंदवता येते. केंद्राच्या त्या योजनेचा लाभ घ्यायचा तर मैदानी भागात किमान ३०० सभासद लागतात. आपल्या एकट्या मोहल्ल्यातून ३०० सभासद उभे राहणार नाहीत, आणि राहू नयेत असंच मला वाटतं. शेजारच्या मराठा, धनगर, माळी शेतकऱ्यांच्या कंपनीत आपले शेळीवाले, कोंबडीवाले आणि कोरडवाहू शेतकरी सभासद म्हणून गेले पाहिजेत. त्या कंपनीला मालाची प्रतवारी जाणणारा, कोणत्या बाजारात कोणत्या दिवशी भाव फुटतो हे ठाऊक असलेला माणूस लागतोच. मामूंकडे ते ज्ञान आहे. कुठल्याही पदवीत ते शिकवत नाहीत.

आता बाजाराबद्दल. २०१६ मध्ये महाराष्ट्राने फळं आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून बाहेर काढला. त्याच सुमारास संत शिरोमणी सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडे बाजार सुरू झाले. कृषी पणन मंडळाचा पुढाकार, नगरपालिका-महापालिकेची जागा, शेतकऱ्यांचे गट आणि उत्पादक कंपन्या थेट गिऱ्हाईकाला विकणार. मधला माणूस नको, ही त्यामागची भूमिका.

आणि मधला माणूस म्हणजे बऱ्याचदा आपण. मामूंसारख्या बागवानाला 'शेतकरी ते ग्राहक' हे शब्द ऐकले की पोटात गोळा येतो. ती भीती मी समजू शकतो. पण थेट बाजाराच्या विरोधात उभं राहणं मला पटत नाही. शेतकऱ्याला चार पैसे जास्त मिळत असतील तर ते मिळालेच पाहिजेत, आणि शेतकऱ्याच्या नुकसानीवर टिकलेला धंदा आपल्याला शोभणार नाही. आपण त्या बाजाराच्या आत जागा मागितली पाहिजे. खालाच्या गटाची कडक भाकरी आणि चटणी शेतकरी बाजारात का नसावी? त्या चटणीतल्या शेंगा शेजारच्या गावच्या, ज्वारी त्याच तालुक्यातली. स्थानिक अन्न याहून वेगळं काय असतं? बागवानाने उत्पादक कंपनीशी तोडणी-प्रतवारीचा लेखी करार का करू नये?

या जागेचा प्रश्न पोटापुरताही नाही. २०२५ मध्ये अहिल्यानगर जिल्ह्यात मढीच्या ग्रामसभेने कानिफनाथांच्या यात्रेत मुस्लिम व्यापाऱ्यांना दुकानं लावू न देण्याचा ठराव केला, तेव्हा आपण सगळे हादरलो होतो. समाजमाध्यमांवर खूप लिहिलं गेलं, मीही लिहिलं. पण बाजार ही अशी जागा आहे जिथे माणूस दुसऱ्याच्या हातचं खातो, भावावरून भांडतो आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा त्याच्याकडेच जातो. एकमेकांना ओळखण्याच्या अशा जागा कमी होत चालल्या आहेत. त्यातून आपण बाहेर पडलो, मग ते कुणी काढलं म्हणून असो किंवा आपणच अर्ज केला नाही म्हणून, तर नुकसान दोन्ही बाजूंचं आहे. शिवाय ज्याच्या हातात नोंदणीचं प्रमाणपत्र आहे, त्याला उठवताना समोरच्याला कारण लिहून द्यावं लागतं. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने शहर फेरीवाला समितीत विक्रेत्यांना किमान ४० टक्के जागा दिल्या आहेत आणि त्यात अल्पसंख्याकांनाही योग्य प्रतिनिधित्व द्यावं असं म्हटलं आहे. तुमच्या गावात ती समिती आहे का? तिच्यावर कोण आहे? हे विचारायला कुणी गेलं आहे का?

मग करायचं काय? या मासिकाच्या वाचकांपैकी बहुतेक जण शिकलेले आहेत. कुणी इंजिनिअर, कुणी फार्मसीवाला, कुणी स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी. आपल्याला फॉर्म भरता येतो, पीडीएफ करता येते, मेल पाठवता येतो. हे इतकं साधं वाटतं की त्याची किंमत आपल्याला कळत नाही. पण खालाच्या गटाच्या आणि यंत्राच्या मधे नेमकं तेवढंच अंतर होतं.

रमजानमध्ये आपण घरोघरी राशनचे किट वाटतो. महापुरात आपली पोरं सगळ्यांच्या आधी पोचतात. ही ताकद खरी आहे आणि तिचा मला अभिमान आहे. त्याच ताकदीतून जुम्म्याच्या नमाजनंतर मशिदीच्या आवारात किंवा मोहल्ल्याच्या वाचनालयात एक टेबल लावा. दोन तास. एक लॅपटॉप, एक प्रिंटर. जो कुणी शेजारी येईल त्याचं काम करा, मग तो कुठल्याही धर्माचा असो. पहिले तीन महिने कुठल्याही योजनेचं नाव काढू नका. फक्त नावं जुळवा: आधार, पॅन, बँक, रेशन कार्ड. उद्यम नोंदणी करून द्या, तिला पैसे लागत नाहीत. अन्न सुरक्षा नोंदणी करून द्या. छोट्या व्यावसायिकासाठी ती वर्षाला शंभर रुपयांत होत आली आहे. जागेचं संमतिपत्र लिहून घ्या. विक्रीची वही सुरू करायला लावा, आणि महिन्याने ती तपासायला परत जा. योजना जाहीर होते तेव्हा मुदत थोडी असते. ज्याची फाइल आधीपासून तयार असते त्याचाच अर्ज वेळेत जातो.

आणि अर्ज फेटाळला गेला, तर कारण लेखी मागा. मिळालं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. दहा रुपये फी, तीस दिवसांची मुदत. कारण कागदावर आलं की दोनपैकी एक गोष्ट होते: चूक आपली असेल तर दुरुस्त करता येते, आणि भेदभाव झाला असेल तर पुरावा हातात येतो. "नाम देख के वापस भेजे" या वाक्यावर कुणी कारवाई करत नाही. लेखी कारणावर अपील होतं.

खालाच्या गटाचं काय झालं, ते सांगून थांबतो. नावं जुळवायला पाच महिने लागले. एका बाईच्या आधार दुरुस्तीसाठी तिच्या मुलीला तीन चकरा मारायला लागल्या. सासऱ्यांनी संमतिपत्रावर सही केली. नोंदण्या झाल्या, पिशवीवर नाव आलं, तारीख आली. बीज भांडवलाचा अर्ज संघाकडे गेला आहे, निकाल अजून यायचा आहे. यंत्र आलेलं नाही. पण गेल्या महिन्यात तालुक्याच्या महिला बचत गटांच्या प्रदर्शनात त्यांना टेबल मिळालं, कारण या वेळी नोंदणी क्रमांकाच्या रकान्यात लिहायला काहीतरी होतं. दुपारपर्यंत भाकरी संपली.

मामूंनी पुढच्या बहाराची बाग बघून ठेवली आहे. या वेळी शंभराऐवजी पाचशेचा स्टॅम्प पेपर आणू का, असं त्यांनी मला फोनवर विचारलं. मी म्हटलं, किती रुपयांचा लागतो ते वकिलांना विचारू, पण आधी करारात काय लिहायचं ते ठरवू. गारपीट झाली तर नुकसान कोणी किती सोसायचं, हे कलम मी सगळ्यात वर घातलं आहे. मालकालाही ते मान्य आहे.